सरांना शंकाच येईना!

"आज त्यांनी तोंड उघडून तर बघावं, भर चर्चासत्रात लोळवते!" प्राध्यापिकाबाईंनी सकाळीच नवऱ्याला बजावलं. नवरा शहाणा होता. नुसतं "हो" म्हणाला.

'त्यांनी' म्हणजे थांबा-थांबा सर. संगणकशास्त्र विभागात कुणीही फळ्यावर सिद्धता मांडायला घेतली, की पहिल्या रांगेतून यांचा हात वर! गेल्या वर्षी बाईंना त्यांनी दुसऱ्याच ओळीला अडवलं, आणि अख्खा तास तिथेच खलास. तेव्हापासून बाई वर्षभर धुमसत होत्या. सरांच्या संभाव्य शंकांची उत्तरं त्यांनी आंघोळ करतानासुद्धा घोकली होती.

बाईंचा दावा असा, की अमुक एक कोडं कितीही हुशार प्रोग्राम लिहिला तरी झटपट सुटणारच नाही. त्यावरचा शोधनिबंध उद्याच मोठ्या परिषदेला जायचा होता.

चर्चासत्रात फळ्यावर पहिली ओळ झाली. दुसरी झाली. सर आपले मान डोलावतायत! चौथ्या ओळीला तर त्यांनी चक्क "वा!" म्हटलं.

बाईंची कानशिलं तापली.

"सर, इथे तुम्हाला शंका आली असेल."

"छे, छे! चालू द्या."

"यायला हवी!"

"नाही आली हो."

"मग मीच विचारते!" बाईंनी खडू असा आपटला, की त्याचा तुकडा विभागप्रमुखांच्या चहात पडला. "तुम्ही म्हणाला असता, आकडे लहान असले तर? हे घ्या उत्तर! म्हणाला असता, नशिबाने आधीच सुटलं तर? हे घ्या!"

बाई सरांचा घोगरा आवाज काढून विचारत होत्या आणि स्वतःच्या आवाजात झोडपत होत्या. विद्यार्थ्यांनी लिहिणं केव्हाच सोडलं होतं. सर खुर्चीत आक्रसून बसले होते.

"आणि म्हणाला असता," बाईंना रागाच्या भरात नवीनच सुचलं, "प्रोग्राम आधीची उत्तरं विसरतो हे तुम्ही गृहीतच धरलंय! लक्षात ठेवली तर? बोला की! दातखीळ बसली?"

त्या उत्तर लिहायला फळ्याकडे वळल्या. खडू हवेतच थांबला.

लक्षात ठेवली तर कोडं चुटकीसरशी सुटत होतं!

"तर..." बाईंचा आवाज खोल गेला, "तर सगळंच मुसळ केरात."

सर हळूच उठले.

"काय केलंत हे, बाई! मला तर अगदी पटलं होतं."

"पटलं?" बाई कडाडल्या. "एवढी ढळढळीत चूक, आणि तुम्हाला पटलं? मग पहिल्या रांगेत बसता कशाला?"