गिअर ऑइलचे सात नमुने

“बुधवारी अभ्यास, गुरुवारी चौकशी, शुक्रवारी निर्णय, शनिवारी ऑइल घरात! आणि सोमवारी सकाळी तू गाडीत बसून भुर्रकन कामावर! तू अजिबात काळजी करू नकोस!” तक्तेसाहेबांनी बायकोला सांगितलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

तक्तेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं कारखान्याच्या खरेदी खात्यात काढलेली. साधी टाचणी घ्यायची झाली तरी तीन दुकानं, पाच रकाने आणि एक तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय हा माणूस पुढे सरकायचा नाही, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. टपाल विभागासाठी खुर्च्या निवडायला त्यांनी चार वर्षं घेतली. तोवर तो विभागच बंद झाला. पण खुर्च्या काय निवडल्या होत्या म्हणून सांगू!

आता निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि हात नुसते शिवशिवत होते. त्यातच बायकोने गाडी घेतली. बारा वर्षांची जुनी, दोन मालकांच्या हातून आलेली, गिअर आपोआप बदलणारी. बाई मूळच्या नर्स. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सुटली ती सुटलीच. सोळा वर्षांनी गावाबाहेरच्या एका हॉस्पिटलने त्यांना बोलावलं होतं. सोमवारपासून सकाळी सातला हजर! तिकडे पहिली बस पोचते नऊला. म्हणून बाईंनी तिसऱ्या खेपेला का होईना लायसन्स मिळवलं आणि एका दुपारात गाडी पसंत केली. एका दुपारात! साहेबांना हे फार लागलं होतं.

गाडी तशी गुणी होती. फक्त दुसरा गिअर पडताना हलकासा झटका द्यायची. गॅरेजवाल्या मिस्त्रींना बाईंनी फोन केला. मिस्त्री मोजकंच बोलणारे. “गिअरचं ऑइल बदलू. रविवारी आणा. कुठलं लागतं ते बघू.”

“कुठलं लागतं ते बघू? म्हणजे ह्याला माहीतच नाही!” साहेब उसळले.

“अहो, गाडी समोर आली की बघतील ते.”

“तोच बघणार, तोच ठरवणार, तोच ओतणार! अगं, ह्यालाच संगनमत म्हणतात!”

“एकट्या माणसाचं कसलं हो संगनमत?”

साहेब तडक बॉनेट उघडायला गेले.

आत ऑइल मोजायच्या दोन पट्ट्या. एक इंजिनाची, एक गिअरची, दिसायला जुळ्या बहिणी! एखाद्याने ह्याच्या जागी ती उपसली म्हणजे? साहेबांनी बायकोच्या पेटीतून जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी आणली, गिअरच्या पट्टीच्या मुठीला तीन वेढे घट्ट मारले आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘गिअर ऑइल. परवानगीशिवाय हात लावू नये.’ मग लांब उभं राहून बघितलं. काम कसं नीटनेटकं हवं!

त्याच पेटीतून आली एक मोठी सिरिंज आणि बारीक नळी. पट्टीच्या भोकातून नळी आत सोडून साहेबांनी कपभर ऑइल ओढलं, जॅमच्या रिकाम्या बरणीत भरलं, झाकणाला सील केलं आणि चिठ्ठी डकवली: ‘नमुना क्रमांक एक’.

नमुना क्रमांक एक गेला सुट्या भागांच्या दुकानात. दुकानदाराने बरणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीचं नाव ऐकलं, मागे वळला आणि एक डबा काउंटरवर ठेवला. “हे घ्या.”

“इतक्या लगेच?”

“मग काय पंचांग बघू?”

विचार न करता उत्तर देणारा माणूस नक्की काहीतरी पडून राहिलेलं खपवतोय, हे साहेबांनी एकतीस वर्षांच्या अनुभवावरून ओळखलं. त्यांनी डब्यावरचं नाव तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलं आणि तिथल्या तिथे त्यावर काट मारली. शेरा: ‘घाई संशयास्पद’.

दुसऱ्याचं मत घ्यायचं तर नमुनाही दुसरा हवा. एकाला दाखवला की नमुना बाद, हा खात्याचा नियम! तेव्हा मेहुण्यासाठी नवा कप, नवी बरणी.

मेहुणा विमा विकायचा, पण मत सगळ्यावर द्यायचा. “भाऊजी, जुन्या गाडीचं ऑइल कधी म्हणजे कधी बदलू नका! माझ्या मित्राने बदललं, गाडी तिथेच बसली.”

“आणि मित्र?”

“तोही खचला हो!”

तिसरा नमुना शेजारच्या रसायनशास्त्राच्या सरांना. सरांनी टीपकागदावर थेंब टाकला, तासभर बघितलं आणि म्हणाले, “हे तेल आहे.” चौथा टॅक्सीवाल्याला, तो म्हणाला, लाल रंगाचं कुठलंही चालतं. पाचवा, सहावा, सातवा... जो भेटेल त्याला साहेब बरणी द्यायचे, मत मिळालं की परत घ्यायचे आणि तक्त्यात ओळ वाढवायचे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तक्त्यात तेवीस ऑइलं झाली. कागदाला कागद चिकटवून तो जेवणाच्या टेबलावरून खाली लोंबायला लागला. दोन वेळा त्यावरच जेवणं झाली.

इकडे गाडीचं वेगळंच सुरू झालं. गुरुवारी झटका थोडा वाढला. शुक्रवारी दुसरा गिअर पडेचना. शनिवारी तर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही, अगदी साहेबांच्या जुन्या मॅनेजरसारखी. साहेबांनी ‘लक्षणे’ हा नवा रकाना आखला.

“बघितलंस? ऑइल किती नासलंय! तीन दिवसांत केवढा फरक! मी लक्ष घातलं नसतं तर काय झालं असतं?”

“तुम्ही लक्ष घालायच्या आधी गाडी चालत तरी होती,” बाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. “अहो, सोळा वर्षांनी कुणीतरी मला ‘या’ म्हटलंय. पहिल्याच दिवशी ‘गाडी बंद पडली’ असं सांगू? हॉस्पिटलवाले दुसरं माणूस बघतील.”

त्या रात्री साहेबांनी तक्ता गुंडाळून ठेवला.

रविवारी सकाळी गाडी फाटकाबाहेरही गेली नाही. मेहुणा, सर आणि साहेब असे तिघे ढकलत, बाई स्टिअरिंगवर, अशी वरात दोन गल्ल्या ओलांडून गॅरेजवर पोचली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. पट्टी ओढली, पुसली, आत घातली, पुन्हा ओढली. कोरडी ठणठणीत!

“ऑइल कुठाय?”

“म्हणजे?”

“गाडीतलं ऑइल. कुठाय?”

साहेबांनी पिशवीतून एकेक बरणी काढून बाकावर मांडली. सात बरण्या, सात चिठ्ठ्या, सगळं कसं क्रमवार. मिस्त्रींनी बरण्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग बराच वेळ बाईंकडे.

“नासलंय ना?” साहेबांनी चाचरत विचारलं.

“नाही. संपलंय.”

मेहुणा एकदम आकाशाकडे बघायला लागला. मिस्त्रींनी पट्टीच्या मुठीवरची चिकटपट्टी नखाने उचकटली. पहिला वेढा, दुसरा वेढा, तिसरा वेढा... आणि खाली पिवळ्या मुठीवर कंपनीने ठसठशीत अक्षरं ठोकलेली! ह्या गाडीला कुठलं ऑइल लागतं, त्याचं नाव!

“हे बघायचं होतं,” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी चष्मा न लावता ते मोठ्याने वाचलं. साहेबांनी खिशातून तक्ता काढला, पहिली ओळ शोधली आणि तक्ता हळूच पुन्हा खिशात घातला. मिस्त्रींनी मागच्या फळीवरून तोच डबा उचलला.

सोमवारी सकाळी सव्वासहाला गाडी फाटकाबाहेर पडली. दुसरा गिअर कधी पडला ते कळलंही नाही. बाईंनी धुवून, कडक इस्त्री करून ठेवलेला पांढरा कोट मागच्या सीटवर होता. कोपऱ्यावर गाडी थांबली, काच खाली झाली.

“अहो! संध्याकाळसाठी भाजी आणून ठेवा! आणि ऐका, एकाच दुकानातून!”

“एकाच! अगदी एकाच!” साहेबांनी मान डोलावली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला.

मग घरात येऊन त्यांनी हळूच पेन्सिलीला टोक काढलं. एकाच दुकानातून, कबूल! पण कुठल्या, हे नको का ठरवायला?