लिंबाची जबाबदारी

सासुरवाडीत मुक्काम टाकल्यापासून जावयावर कुणी कसली म्हणून जबाबदारी टाकली नव्हती. चहा मिळत होता, जेवण मिळत होतं, वर "अजून घ्या, लाजू नका" हेही मिळत होतं, आणि पचायला तेच सगळ्यात जड जात होतं. कंपनीला टाळं लागलं, भाड्याचं घर सुटलं आणि 'थोडे दिवस' म्हणून तो बायकोसह इथे आला. थोडे दिवस ही चीज मोठी लवचीक असते. म्हणूनच आठवडाभरासाठी सासूबाईंसह थोरल्या लेकीकडे निघालेल्या सासऱ्यांनी त्याला हाताला धरून बाल्कनीत नेलं, तेव्हा बिचाऱ्याला भरून आलं.

बाल्कनीत लिंबाचं झाड होतं. चिनी मातीची निळीशार कुंडी, एकट्याच्या कवेत न मावणारी, हातभर उंच लोखंडी तिवईवर बसवलेली. थोरल्या जावयाने दिलेली भेट. या घरात थोरल्या जावयाला विचारल्याशिवाय पडद्याचा रंगसुद्धा ठरत नसे. धाकट्याला मात्र दूध आणायचं का, एवढंच विचारत.

"जावईबापू, हे झाड म्हणजे आमचा जीव," सासरे म्हणाले. "परतताना थोरले आमच्याबरोबर येणार आहेत. त्यांना ते हिरवंगार दिसलं पाहिजे. फक्त तुमच्या भरवशावर सोडून चाललोय."

"बाबा, तुम्ही निर्धास्त जा."

"सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी," सासूबाईंनी बजावलं. "आणि घालताना खालच्या काकूंना हाक मारत जा. तेवढंच बोलणं होतं."

"आई, ही पानं जरा पिवळी दिसतायत."

"आम्ही चाललो ना, म्हणून उतरलंय ते," सासरे म्हणाले आणि घाईघाईने रिक्षात बसले.

जावई कामाला लागला. पहाटे उठून पाणी, दिवेलागणीला पाणी, मध्ये पानं पुसणं. खालच्या काकू मान वर करून म्हणत, "वा, फार करता हो झाडाचं!" तेव्हा त्याची छाती फुगायची. दोन-तीन दिवसांत झाडाने माना टाकल्या. त्याने सासूबाईंना फोन लावला.

"माना टाकल्यात? तहान लागली असेल. पाणी वाढवा!"

त्याने वाढवलं. आता पाणी मातीवर तळं करून उभं राहायला लागलं, त्यात डास येऊन बसले आणि बाल्कनीत कुजका वास सुटला. जावयाच्या मनात पहिल्यांदाच शंका आली. इतक्या बादल्या आत जातात, तर खालून एक थेंब का येत नाही? नवी फरशी तर आरशासारखी लख्ख होती.

"भोक बुजलं असणार कुंडीचं," तो बायकोला म्हणाला.

"तू त्यात पडू नकोस. सांगितलंय तेवढं पाणी घाल आणि गप्प बस."

पण ज्याला जन्मात एकदा जबाबदारी मिळाली, तो गप्प कसा बसेल? सासरे परतायच्या दिवशी सकाळीच तो बॅटरी घेऊन तिवईखाली आडवा झाला. तळाचं भोक पांढऱ्या सिमेंटने लिंपलेलं होतं. तेही कसंतरी नाही, बोटाने छान गुळगुळीत करून.

त्याने छिन्नी-हातोडा आणला. तिसऱ्या घावाला सिमेंटचा गट्टू सुटून खाली पडला आणि पाण्याची धार लागली. इथे थांबायला हवं होतं. पण बेकार माणसाला संपलेलं काम बघवत नाही. भोक जरा मोठं करावं म्हणून त्याने चौथा घाव घातला, तशी कुंडी तळापासून काठापर्यंत तडकली. आठवडाभराचं काळं पाणी त्याच्या तोंडावर, तिथून नव्या फरशीवर आणि बाल्कनीच्या पन्हाळीतून थेट खाली कोसळलं.

"अहो, हे काय!" काकू जिन्यातूनच ओरडत वर आल्या. "माझ्या गाद्या उन्हात घातल्या होत्या!"

"लिंबाचं पाणी आहे, काकू."

"लिंबाचं? गटाराचा वास येतोय!"

"तो लिंबाचाच आहे."

काकूंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. त्या परत गेल्या नाहीत, दारातच ठाण मांडून बसल्या. जावयाने कपडे वाळत घालायच्या दोरीने कुंडी करकचून बांधली, फरशी पुसली, आणि डाग जात नाहीत म्हणून पुन्हा पुसली. इतक्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

थोरला जावई बाल्कनीत आला आणि बघतच राहिला. झाडावर पाच-सहा पानं होती आणि तीही जायच्या बेतात.

कुणी काही विचारायच्या आत सासऱ्यांनी उसासा टाकला. "अरेरे! आम्ही होतो तोवर कसं टवटवीत होतं!"

"मी विश्वासाने सोपवलं होतं हो," म्हणत सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"रोज बादल्या बादल्या ओतायचे," काकू दारातून म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

जावयाने सिमेंटचा गट्टू पुढे केला. "बाबा, कुंडीच्या भोकात हे भरलेलं होतं. पाणी जाणार कुठून?"

थोरल्याने गट्टू उलटासुलटा करून पाहिला. "कुणी भरलं हे?"

सासरे फार मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ द्या, जावईबापू. चूक माणसाच्याच हातून होते. आम्ही तुम्हाला एका शब्दाने बोललो का?"

थोरल्याने धाकट्याच्या खांद्यावर थोपटलं. "मनाला लावून घेऊ नका. मी दुसरं झाड पाठवतो." मग सासऱ्यांकडे वळून हळूच म्हणाला, "पण ते सांभाळायला माळी ठेवा." सगळे आत जाऊन चहाला बसले.

जावई स्वयंपाकघरात गेला. बायको कप विसळत होती.

"सिमेंट बाबांनी भरलं ना?"

"बाबांना कुठे वाकवतंय? मी भरलं." तिने मान वर केली नाही. "मातीचं पाणी गळून नव्या फरशीवर डाग पडत होते. आई रोज रडकुंडीला यायची. मग झाडच सुकायला लागलं. आता भाऊजींना काय सांगणार, तुमच्या झाडापेक्षा आम्हाला फरशी प्यारी?"

"म्हणून माझ्या गळ्यात?"

"तुला कुठे काय वाईटपणा येणार होता! तुझ्याकडून कुणाची अपेक्षाच नाही."

"निदान मला तरी सांगायचंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं, तर इतक्या मनापासून पाणी घातलं असतंस का?"

जावयाने प्रामाणिकपणे विचार करून पाहिला. नसतं घातलं.