सात घरचे सात डबे

"अडीच महिन्यांत सहा किलो? डॉक्टर, तुम्ही तारीख काढून ठेवा." असं मी बोलले. चांगलं ठणकावून बोलले. गणपतीत एकटीने एकशे एकवीस मोदक वळणारी बाई मी, चार वाजताचं खाणं सोडायला मला कितीसा वेळ लागणार!

डॉक्टर हसले नाहीत. शेजारी माझा धाकटा भाऊ लवू बसला होता, तोही हसला नाही. त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझी किडनी त्याला जुळत होती. अडचण एकच, मी अठ्ठ्याहत्तर किलो होते आणि बहात्तरवर आल्याशिवाय ते माझं ऑपरेशन करणार नव्हते.

बाहेर आल्यावर लवू म्हणाला, "ताये, एवढ्यात कोणाक सांगू नको हां. आधी नक्की होवंदे. नायतर लोक माझ्या तोंडाकडे बघत रवतले." मी त्याला शब्द दिला.

डाएटच्या मॅडमनी एक कागद दिला होता. चारला भूक लागली की मूठभर भाजलेले चणे, नाहीतर काकडी, नाहीतर ताक. खाली ठळक लिहिलेलं, घरात नसेल ते खाल्लं जात नाही. मला पटलं. भांडुपला घरी आले ती तडक स्वयंपाकघरात शिरले. बेसनाचे लाडू, चकल्या, शेव, चिवडा, सगळं बाहेर काढलं. अन्न टाकवत नाही, म्हणून सात स्टीलच्या डब्यांत भरलं आणि आमच्या मजल्यावरच्या सातही घरी देऊन आले.

आमचे हे दारात उभे होते. "डब्यातून देतेस?"

"मग काय ओंजळीतून देऊ?"

"विचार कर," हे म्हणाले. हे प्रत्येक गोष्टीला तेच म्हणतात, त्यामुळे मी केला नाही.

समोरच्या कमलताईंनी लाडू बघून विचारलं, "काय गं नलिनी, काही विशेष?" खोटं बोलवेना आणि खरं सांगता येईना. म्हटलं, "कळेलच लवकर."

दुसऱ्या दिवसापासून डबे परत यायला लागले. आता आमच्या बिल्डिंगमध्ये रिकामं भांडं परत करायची पद्धत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामी वाटी परत केली म्हणून मी स्वतः माझ्या लेकीला, प्रांजलला, झापलेलं आहे. तर कमलताईंनी शंकरपाळे घातले होते. मजल्याच्या पलीकडच्या टोकाच्या कुंडलिककाकांनी पेढे. बाकीच्या पाच डब्यांची झाकणंसुद्धा नीट बसत नव्हती, इतके ते दाबून भरलेले. गेलं त्याच्या दीडपट घरात आलं. शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेलं चाखायला नको का? चाखलं.

चौथ्या दिवशी प्रांजल ऑफिसमधून आली ती चपला न काढताच विचारते, "आई, माझं लग्न ठरलंय?"

"नाही गं."

"मग लिफ्टमध्ये तिघींनी मला मुलगा कुठला म्हणून का विचारलं?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत बेल वाजली. दारात कमलताई. "पहिलं केळवण आमच्याकडे. रविवारी. कारणं सांगायची नाहीत."

वाट लागली. लग्न नाही म्हणावं तर लाडू कसले, ते सांगावं लागणार. म्हणजे लवूला दिलेला शब्द मोडणार. मग मी एकच केलं, जेवले. पाच घरची पाच केळवणं. प्रांजल यायला तयार नव्हती, तेव्हा तिला ऑफिस आहे असं सांगून तिच्या वाट्याची पुरणपोळीही मीच खाल्ली, कारण ताटातलं टाकलं तर घरची बाई दुखावते.

महिन्याने काट्यावर उभी राहिले. साडेएकोणऐंशी. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तारीख दोन महिने पुढे ढकलली.

लवू बाकावर बसून स्वतःच्या हाताकडे बघत होता. सुया टोचून टोचून तो हात गाठीगाठीचा झालाय. "रवांदे गो ताये," तो म्हणाला. "नाय जमला तर रवांदे." चिडला असता तर बरं झालं असतं. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी सहावं केळवण होतं, कुंडलिककाकांकडे. मजल्यावरच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. ताटात बासुंदी आली आणि मी रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. लवू, किडनी, काटा, नसलेला जावई, सगळं.

कमलताई उठल्या, माझ्या पुढ्यातलं ताट त्यांनी उचललं. "येडी आहेस का गं तू? आधी नाही सांगायचं?" आणि आत जाऊन एक काकडी चिरून घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवसापासून चारच्या ठोक्याला रोज एका घरचा डबा यायला लागला. उकडलेले मूग, मटकी, गाजर, भाजलेले चणे. सात घरं, सात वार. झाकणावर कमलताईंच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली असायची, 'डबा रिकामाच परत करावा.' आमच्या बिल्डिंगमध्ये असं कधी घडलं नव्हतं. पहिल्यांदा रिकामा डबा हातात घेऊन कमलताईंच्या दारात उभी राहिले तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. तरी दिला. साडेतीन महिन्यांनी काट्यावर उभी राहिले, एकाहत्तर आठशे.

ऑपरेशन नीट झालं. दोघांचंही.

सहा महिन्यांनी लवू मुलुंडहून आला, जिना स्वतः चढून. डायलिसिसच्या दिवशी मी हॉस्पिटलात ज्या डब्यातून त्याला पेज न्यायचे तो डबा त्याने टेबलावर ठेवला. आत बेसनाचे लाडू. त्याने स्वतः वळलेले, एकही गोल नाही.

"रिकामा भांडा कसा आणू गो ताये?" तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला.

त्याने वळला म्हणून एक खाल्ला. तो चांगला होता म्हणून दुसरा. तिसऱ्याला ह्यांनी पायाने पलंगाखालचा वजनकाटा बाहेर ओढला.

"विचार कर," हे म्हणाले.

या वेळी मात्र मी केला. मग चौथा घेतला.