कोपऱ्यातलं नाव

दुखणं तोंडाने सांगितलं की ते रडगाणं ठरतं. फिल्मवर आलं की त्याला प्रतिष्ठा मिळते. नऊ वर्षं मी कंबर धरून घरात हिंडलो, कुणी ढुंकून पाहिलं नाही. म्हणून घर बदलायच्या पंधरा दिवस आधी, लोखंडी कपाट कोण उचलणार हा प्रश्न ऐरणीवर असताना, मी कमरेचा एमआरआय काढायला गेलो.

यंत्र म्हणजे आडवं भुयार. मी घाबरलो नव्हतो (फक्त आत जात नव्हतो). यंत्रवाल्याने तोडगा काढला: आधी बायकोचा काढू, बघून तुम्हाला धीर येईल. ती गेली. त्या ठोकाठोकीत तिला चक्क झोप लागली. मग मलाही जावं लागलं.

फिल्म आली आणि माझे दिवस पालटले. मणक्यांमधल्या दोन गाद्या झिजून काळ्या पडलेल्या, तिसरी मागे सरकलेली! मी ती दिवाणखान्याच्या खिडकीला चिकटवली आणि आल्यागेल्याला पट्टीने दाखवू लागलो. पाहणाऱ्यांपैकी बासष्ट टक्के हळहळले, तीस टक्क्यांनी स्वतःची कंबर चाचपली, उरलेल्यांना ती उलटी लावल्यासारखी वाटली (उलटीच होती). जन्मभर मला आळशी म्हणणाऱ्या मेहुण्याने पाठीशी उशी आणून ठेवली. माझ्यावरचे भार पुढील क्रमाने उतरले: पाण्याच्या बादल्या, भाजीची पिशवी, वर्तमानपत्र. ते सगळं बायको उचलू लागली. तिला काही दुखणं नव्हतं, कारण तिने कधी सांगितलं नव्हतं.

कपाटाच्या दिवशी सकाळीच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. वजन उचलू नये, असं मला लेखी हवं होतं. त्यांनी फिल्म उजेडात धरली, कोपरा वाचला आणि बायकोकडे पाहिलं.

"ही तुमची नाही, यांची आहे," ते मला म्हणाले.

मग बायकोचं म्हणून घरी कुणीच न उघडलेलं दुसरं पाकीट त्यांनी उघडलं. माझी कंबर विद्यार्थ्यांना धडधाकटपणाचा नमुना म्हणून दाखवण्याजोगी निघाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं (हे फिल्मवर दिसत नाही). बाहेर आल्यावर बायकोला विचारलं, "दुखत होतं का गं?"

"दुखतंय की. पण तुमच्या दुखण्याचं एवढं कौतुक चाललेलं, मध्येच कुठे बोलू?"

कपाट मी आणि मेहुण्याने उचललं. माझी कंबर भरून आली, पण पुरावा नसल्याने मी कुणाला कळवलं नाही.

तुमच्याही घरात अशी एखादी फिल्म असेल. कोपऱ्यातलं नाव एकदा वाचून घ्या. अक्षर बारीक असतं, चष्मा लागेल. तो आणून द्यायला आत्ता जिला हाक मारलीत, नाव बहुधा तिचंच असेल.