साठ जणांचा उपवास

मुकुंदरावांनी नोकरी सोडून दिलसुखनगरला डब्यांची कंपनी काढली आणि पहिल्याच महिन्यात कॉम्प्युटर आणला. त्या वर्षांत हैदराबादेत जो तो कंपनीच काढत होता. स्वयंपाक बायकोचा, शोभाचा. कुणाला कांदा चालत नाही, कुणाचा उपवास कधी, सगळं तिच्या डोक्यात.

"आता डोकं चालवायचं नाही. यादीत असेल तेच करायचं," मुकुंदराव म्हणाले.

"बरं. मीठसुद्धा त्यालाच विचारते."

मंगळवारी गल्लीतल्या कोचिंग क्लासला नमुन्याचे साठ डबे जायचे होते. पोरांना आवडले तर रोजचं काम. नाहीतर कंपनीला कुलूप आणि मुकुंदराव पुन्हा जुन्या साहेबांच्या दारात. सोमवारी दुपारी प्रिंटरनं कर्रकर्र करत यादी ओकली. साठही नावांपुढे 'उपवास'!

"अहो, उद्या अंगारकी आहे, कबूल. पण साठच्या साठ पोरं उपाशी?"

"शोभा, कॉम्प्युटर चुकत नाही."

मग काय! साबुदाणा भिजवायला पातेली पुरेनात, तेव्हा आंघोळीचं घंगाळ घासून घेतलं. दाणे भाजले तर धूर असा उठला, की शेजारचे नामदेवराव पाण्याची बादली घेऊन धावत आले. अगदी खरं सांगते.

डबे गेले आणि मुकुंदरावांनी यादी पुन्हा नीट वाचली. समोरच्या इंदुताईंचं नाव त्यांनी सगळ्यात आधी टाकलं होतं, अंगारकीसकट. पुढं टायपायचा कंटाळा, म्हणून तीच ओळ साठदा उतरवून फक्त नावं बदलली होती.

"म्हणजे म्हातारीचा उपवास साठही पोरांना लावलात!" शोभानं कपाळाला हात लावला.

इतक्यात क्लासचे वेंकटय्या सर दारात.

"क्या जी, वो गोल-गोल क्या भेजे?"

"सर, माफ करो, वो कॉम्प्युटर..."

"पोट्टे झगडा कर रैं! और होना बोल रैं! कल से दो सौ डब्बे भेजो. वोइच होना."

पोरांना रोज तो साबुदाणाच हवा, एवढं बजावून सर गेले. मुकुंदरावांनी कॉलर ताठ केली. "बघितलंस? कॉम्प्युटर आला की कंपनी अशी वाढते!"

"वाढली ना? मग सरका." शोभा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसली आणि तिनं खलबत्ता त्यांच्याकडे ढकलला. "दोनशे डब्यांचं कूट लागेल. बारीक नको, जाडसर."

तेव्हापासून कंपनीच्या मालकांना भेटायला येणाऱ्याला आधी दाण्याची सालं फुंकून बसायला जागा करावी लागे.