वर्तककाकांचा आल्याचा अर्क

सकाळी सातला कडी वाजली की मी तोंडात ब्रश तसाच ठेवून दार उघडायचो आणि नाक पुढे करायचो. दारात वर्तककाका, हातात दोन बरण्या. "साठे, जरा नाक द्या. खवट कुठली?"

बरण्यांत चकल्या असायच्या. एका बरणीतल्या आल्याचा अर्क घालून केलेल्या, दुसरीतल्या साध्या. मी कुठल्यातरी बरणीकडे बोट दाखवायचो, काका वहीत टिपायचे आणि पुढची कडी वाजवायचे. आमच्या नवीन पनवेलच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं होती. एकही नाक काकांनी मोकळं सोडलं नव्हतं.

रसायनीकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून ते निवृत्त झाले होते. मुलगा अमेरिकेत. दिवाळीचा फराळ त्याला बोटीने जायचा, पोचायला दोन महिने. तेवढ्यात चकल्या खवट होऊ नयेत, हा एकच ध्यास. "लोखंडाला गंज चढतो ना, तसंच तेलाचं. हवा शत्रू आहे, साठे! ऑक्सिडेशन! आलं ते रोखतं." हे व्याख्यान बाजारातही चालायचं. जवळच्या नेरे गावची आलंवाली एकदा वैतागून मला म्हणाली, "तुमच्या काकांना सांगा, आमी आलं इकायला बसतो, शाळेत नाय."

इथवर मी सोसलं. त्या वर्षी रेशनचं पामतेल काकांनी आमच्यासाठीही रांग लावून आणलं. केवढे उपकार वाटले! करंज्या तळून झाल्यावर जिन्यात मला म्हणतात, "तेलाच्या डब्यात वाटीभर अर्क घातलाय बरं का." सासऱ्यांनी करंजी चावली आणि काळजीने विचारलं, "घरात कुणाला खोकला झालाय का?" त्यानंतर आमची ही मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी तणतणत काकांच्या घरी गेलो. काकूंना जवळजवळ दिसत नव्हतं. चाचपडत चकल्या पाडत होत्या. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "तुम्हीच सांगा हो भाऊजी ह्यांना. गेल्या वर्षी आलंबिलं काही नव्हतं, तरी पोरानं चार दिवसांत फस्त केल्या. तसं पत्रच आलं होतं, ह्यांनीच वाचून दाखवलं. मग यंदा हे खूळ कशाला?"

काकांनी मला दंडाला धरून गॅलरीत नेलं आणि सदऱ्याच्या खिशातून ते पत्र काढलं. घड्यांवर फाटायला आलेलं. "चकल्या सगळ्या खवट निघाल्या, टाकून द्याव्या लागल्या. आईला सांगा, उगाच दगदग नको."

माझा राग कुठल्या कुठे गेला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "यंदा नाही होणार हो खवट."

"नकोच व्हायला." आत काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून काका अगदी हळू बोलत होते. "प्रयोगशाळेत आयुष्यभर एक आकडा खोटा लिहिला नाही मी. यंदा तो जे लिहील, तेच वाचायचंय तिच्यापुढे."