गुडघ्यांची साफसफाई

डोळे तपासून ती घरी आली तेव्हा तिला समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते, पण हातातला मोबाइल दिसत नव्हता. डोळ्यांत घातलेल्या थेंबांचा असर संध्याकाळपर्यंत राहणार होता, आणि गुडघ्यांची यादी दुपारीच पाठवायची होती.

गुडघे म्हणजे ऑपरेशन करून बसवलेले. कुणाचा सांधा किती महिने टिकला याचं गणित ती संगणकावर मांडायची, म्हणून इस्पितळात तिला सगळे आकडेताई म्हणत. यंदा डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "हे सांधे वर्षानुवर्षं टिकतात का, एवढं सांगा. नाहीतर हा अभ्यास बंद करू." तेच तिला सांगता येत नव्हतं, कारण बरे झालेले पेशंट इस्पितळाकडे फिरकतच नव्हते. चांगल्या गुडघ्याची हीच खोड, तो माणसाला दूर घेऊन जातो.

नवरा घरीच होता. तो मुद्रितशोधक. छापायला निघालेल्या पुस्तकांतल्या चुका टिपण्यात त्याची हयात गेली होती.

"लॅपटॉप उघड," ती म्हणाली. "कोड तयार आहे, फक्त चालव. जी यादी येईल ती सिस्टरना पाठव."

"एवढंच?"

"एवढंच. डोकं लावू नकोस."

किती महिने, हा एक रकाना आणि सांधा गेला की नाही, हा दुसरा. दोन्ही एकत्र बांधले की संगणक प्रत्येक नावापुढे असं काही छापायचा:

४१    ५२+    १७+    ६०+

४१ म्हणजे एक्केचाळिसाव्या महिन्यात सांधा निकामी झाला. ५२+ म्हणजे बावन्न महिन्यांपर्यंत ठणठणीत होता, पुढचं माहीत नाही, कारण माणूस पुन्हा दिसलाच नाही. अधिक नसलेल्यांना सिस्टर फोन करून बोलावणार होत्या.

नवऱ्यानं यादी पाहिली. काही आकड्यांना शेपटी, काहींना नाही. त्याचा हात शिवशिवला. सगळी अधिकची चिन्हं त्यानं एका दमात पुसली आणि यादी पाठवून दिली.

"गेली?"

"गेली."

"नीट?"

"होती त्यापेक्षा नीट."

किती गुणाचा माणूस, असं तिला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सिस्टर फोनवर:

"आजोबा, तुमचा सांधा निकामी झालाय. … हो, चालताय ते ऐकू येतंय. … टेकडीवर? आत्ता? … असू दे, उतरून या."

"काकू, यादीत तसंच आलंय. … नातवाच्या मागे धावत होता? … तरी या."

"बॅग कशाला? … बरं, आणा."

ती इस्पितळात पोचली तेव्हा लिफ्ट बंद होती. विभाग तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच वळणावर मागून एक काकू आल्या. "जरा सरक गं. गुडघा निकामी झालाय माझा," म्हणत त्या तिला मागे टाकून गेल्या. त्यांच्यामागून एक आजोबा दोन दोन पायऱ्या ओलांडत गेले.

वर बसायला जागा उरली नव्हती. "मला नका विचारू," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या यादीत एकही अधिक नाही."

तिनं घरी फोन लावला. "यादीतली अधिकची चिन्हं कुठं गेली?"

"ते खडे होय? वेचून काढले. कुणाचं तरी काम फारच ढिसाळ होतं."

"माझं होतं."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "मी आता काय करू?"

"काहीच करू नकोस. तेवढं जमेल?"

ती धीर करून सगळ्यांसमोर उभी राहिली. "तुमच्यातल्या बहुतेकांचे गुडघे चांगले आहेत. चूक आमच्या यादीची. तुम्हाला घाबरवलं, माफ करा." आता आपली सालटी निघणार म्हणून तिनं मान खाली घातली.

"आलोच आहोत तर बघून टाका," टेकडीवाले आजोबा म्हणाले. "एवढी वर्षं झाली, डॉक्टरांना साधं थँक्यू म्हणायचं राहिलंय."

बॅग घेऊन आलेले काका मात्र हळूच जवळ आले. "मी आठ दिवस राहणार असं घरी सांगून आलोय. मला निदान परवापर्यंत निकामी ठेवता येईल का?"

डॉक्टर एकेकाला तपासत गेले, ती महिने बदलत गेली. कुठल्या कुठे हरवलेली माणसं एका सकाळी सापडली होती. ५२+ चे ९०+ झाले. टिकलेल्या सांध्यांचा आलेख खाली न घसरता लांबच्या लांब, जवळजवळ सपाट गेला. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि खुर्चीत टेकले. "अभ्यास चालू राहू दे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

सगळ्यात शेवटी एक शिंपी कठडा धरधरून वर आला. यादीत तो १७+ होता. डॉक्टरांनी गुडघा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. सांधा पार सैल झाला होता.

"किती दिवस दुखतंय?"

"झाली दोन वर्षं."

"मग आला का नाहीत?"

शिंपी ओशाळला. "तुम्ही एवढ्या मायेनं बसवलात. दुखतंय कसं सांगायचं? फोन आला म्हणून आलो. बरं झालं बोलावलंत, नाहीतर मशीन विकायचंच ठरवलं होतं."

"मशीन राहू दे," डॉक्टर म्हणाले. "या आठवड्यात नवा बसवू. आणि तो दुखला तर मला शिव्या द्यायला यायचं, कळलं?"

बाकीच्यांचं पुसलेलं अधिक तिनं एकेक करून परत लावलं. शिंप्याचं लावलं नाही.

घरी नवरा दारातच उभा होता. "मी पुसलेल्यांत किती चुकले?"

"सगळे."

"सगळे?"

"एक सोडून." तिनं त्याला शिंप्याची गोष्ट सांगितली. तो ऐकता ऐकता खाली बसला.

"यादी साफ कुणी केली, विचारत होता," ती म्हणाली. "पाय बरा झाला की त्या माणसाला स्वतःच्या हातानं कपडे शिवून देणार म्हणे."

नवऱ्याच्या तोंडावर पहिल्यांदाच रंग आला. "मग? काय सांगितलंस?"

"माझं माप देऊन आले."